सभेत काय ठरलं ते आधी छापा, सत्काराचे फोटो नंतर

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमचा पेपर आमच्या घरी माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासून येतोय म्हणून हक्कानं लिहितेय, शब्द जास्त झाले तर काटछाट करा पण मुद्दा कापू नका एवढी विनंती.

गाव सातारा जिल्ह्यातलं, छोटी नगरपालिका आहे. गावाचं नाव मुद्दाम घालत नाही कारण मला कुणा एका साहेबावर किंवा नगरसेवकावर बोट ठेवायचं नाहीये, आणि आसपासच्या चार गावांत विचारलं तर तिथंही हेच ऐकायला मिळतं. माझं नगरपालिकेच्या समोर झेरॉक्सचं दुकान आहे, अकरा वर्षं झाली. त्यामुळं सभा लागली की मला आधी कळतं, कारण अजेंडा झेरॉक्सला माझ्याकडं येतो. कधी शिपाई घेऊन येतो, कधी एखादा नगरसेवक स्वतःची कॉपी घरच्यांना दाखवायला म्हणून अजून दोन काढून नेतो. पहिला विषय ठरलेला, "मागील सभेचे कार्यवृत्त वाचून कायम करणे", मग खाली गटारी, पाईपलाईन, व्हॉल्व्ह, दिवाबत्तीचं बिल, कुठल्या गाळ्याचं भाडं, आणि सगळ्यात शेवटी "अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय". हे सगळं वाचत वाचतच मी पानं लावते, सवयच लागलीय.

तर डिसेंबर २०२१ ला आमच्या बॉडीची, म्हणजे निवडून आलेल्या नगरसेवकांची, मुदत संपली आणि त्यानंतर जवळजवळ चार वर्षं माझ्या दुकानात एकही अजेंडा आला नाही. एकही नाही. निवडणुका कोर्टात अडकल्या, प्रशासक आले, आमच्याकडं मुख्याधिकारीच प्रशासक होते, ठराव करायचे ते त्यांनीच आणि मंजूर करायचे तेही त्यांनीच. मी म्हणत नाही की कामं झाली नाहीत, झाली, रस्ते पण झाले. पण काय ठरतंय, कधी ठरतंय, कशासाठी ठरतंय हे विचारायला समोर माणूसच नव्हता. वॉर्डातला नगरसेवक माजी झाला, तो म्हणायचा आता आपलं कोण ऐकतंय, आणि ऑफिसात गेलं की साहेब मीटिंगला सातारला गेलेत.

याच काळात आमच्याकडं चतुर्थवार्षिक आकारणी झाली, म्हणजे दर चार वर्षांनी घरपट्टीसाठी घरं नव्यानं मोजतात ती. माणसं आली, टेप लावून गेली. पुढं काय झालं ते आम्हाला बिल आल्यावरच कळलं. माझ्या मागच्या पत्र्याच्या पडवीला आरसीसी धरलं होतं. बिल घेऊन मी काउंटरला गेले तर तिथला मुलगा म्हणाला, "काकू, नोटीस लावली होती की बोर्डावर, मुदतीत हरकत घ्यायची होती." बोर्ड कुठाय विचारलं तर जिन्याखाली, पुढं जुनं कपाट ठेवलेलं, त्यामागं. मी रोज सकाळी ९ ला त्या इमारतीच्या समोर शटर उघडते, मला जर ती नोटीस दिसली नाही तर वरच्या आळीतल्या, रोजानं भांगलायला जाणाऱ्या बाईला ती कशी दिसणार? तिनं तर बिल बघून सरळ पैसेच भरले, उसने घेऊन. हरकत घेता येते हेच तिला माहीत नव्हतं. मला त्या बाईचं जास्त लागलं, माझी पडवी राहू द्या.

पूर्वी दवंडी असायची. माझ्या माहेरी, ते खेडेगाव आहे, अजून कधीतरी हलगी वाजते आणि आता स्पीकरवरून पण सांगतात, उद्या ग्रामसभा आहे हो. माहेरचा विषय काढला कारण त्यात एक गोष्ट आहे जी मला फार उशिरा कळली. खेड्यात ग्रामसभा असते, कायद्यानं वर्षाला किमान चार घ्याव्याच लागतात, सात दिवस आधी नोटीस, गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं यातलं जे कमी असेल ते, आणि बायकांची वेगळी महिला ग्रामसभा त्याच्या आधी. तिथं माझी भावजय उभी राहून सरपंचाला विचारू शकते की पाण्याच्या टाकीचे पैसे कुठं गेले, तिचा हक्क आहे तो, आणि तिनं विचारलंय पण. कोरमअभावी सभा तहकूब होते, माणसं येत नाहीत, हे सगळं तिथंही आहेच, पण हक्क तरी आहे. आणि मी गावाला आले, नगरपालिकेत आले, तर इथं मला असा हक्कच नाही. नगरपालिकेची सभा नगरसेवकांची. मी फार तर मागं बसून ऐकायचं. मोठ्या शहराला निदान वॉर्ड समित्या तरी असतात, पण घटनेत त्या ३ लाखांच्या पुढच्या लोकसंख्येलाच सक्तीच्या आहेत, आमच्यासारख्या गावाला तेही नाही. आपल्या जिल्ह्यात कोरेगाव, वडूज, दहिवडी, लोणंद, पाटण, मेढा अशा किती ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती झाल्या, पेढे वाटले, फटाके वाजले, पण त्या दिवशी ग्रामसभा गेली हे कुणी सांगितलं का लोकांना? गाव मोठं झालं आणि बोलायची जागा गेली. हे मला कुठल्याच पेपरात वाचायला मिळालं नाही साहेब, म्हणून लिहितेय.

आता नवीन बॉडी आलीय. २ डिसेंबरला मतदान झालं, २१ ला मोजणी, गुलाल झाला, उपाध्यक्ष निवड झाली, आणि मग खरी पहिली सर्वसाधारण सभा लागली. अजेंडा माझ्याकडं आला झेरॉक्सला. २७ विषय. चार वर्षांनी तो कागद हातात आल्यावर खरं सांगते, बरं वाटलं. मी ठरवलं आपण जायचं. दुकान पोरीच्या हवाली केलं आणि गेले. दारात शिपाई म्हणाला, "काकू, तुमचं काय काम हाय आत?" म्हटलं सभा ऐकायचीय. "पब्लिकला नसतंय आत." मी म्हटलं दादा, सभा लोकांना खुली असते, अध्यक्षांनी कारण देऊन बंद केली तरच बंद, तुम्ही आत विचारून या. तो विचारून आला आणि एका जुन्या क्लार्कनी स्वतः प्लास्टिकची खुर्ची आणून मागं ठेवली, त्यांचे आभारच. अख्ख्या गावातून बाहेरचे आम्ही चार जण होतो.

सभा पन्नास मिनिटं चालली. त्यातली पहिली दहा मिनिटं सत्कार. मग विषय वाचायचा, सूचक कोण, अनुमोदक कोण, मंजूर, पुढचा विषय, असं भराभर. लाखाच्या वरची कामं पण तशीच गेली. पण विषय क्रमांक १४ ला एक ताई उठल्या, पहिल्यांदाच निवडून आलेल्या, हातात कागद थरथरत होता त्यांच्या. विषय होता पाणीपुरवठ्याच्या व्हॉल्व्ह दुरुस्तीचं बिल. त्या म्हणाल्या की आमच्या भागात पाणी दिवसाआड येतं, ते पण पहाटे साडेचारला, आणि अर्धा तास, तर हे व्हॉल्व्ह नेमके कुठले बदलले, त्याची यादी द्या, मग मी हात वर करते. सभागृह शांत झालं. इंजिनीअर साहेबांकडं यादी नव्हती. अध्यक्षांनी विषय पुढच्या सभेत ठेवायला सांगितला, बिल थांबलं. आरडाओरडा नाही, टेबल आपटणं नाही. एका बाईनं यादी मागितली आणि बिल थांबलं. २०११ पासून आपल्याकडं निम्म्या जागा बायकांना आहेत, मागं नवरा कारभार बघतो असं आपण सगळे म्हणतो, मी पण म्हणायचे, त्या दिवसापासून मी म्हणायचं बंद केलंय. शेवटी आयत्या वेळचे विषय आले, ते सात होते, अजेंड्यावर नसलेले, त्यातले पाच काय होते ते मागच्या खुर्चीपर्यंत ऐकूच आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी सकाळी पेपर उघडला. तुमचाच. आमच्या गावची बातमी होती, सत्काराचा फोटो, शाल श्रीफळ, उभ्या असलेल्या सोळा जणांची नावं. व्हॉल्व्हचं बिल थांबलं याची एक ओळ नाही. त्या ताईंचं नाव नाही. सात आयत्या वेळचे विषय कुठले त्याचा पत्ता नाही. आणि बाजूला वाढदिवसाच्या शुभेच्छांची अर्ध्या पानाची जाहिरात. जाहिरातीवर पेपर चालतो हे मला कळतं, मी पण धंदाच करते. पण आमचे सासरे तुमच्या पेपरातली कात्रणं ठेवायचे, त्यांच्या ट्रंकेत अजून आहेत, त्यात सभेची बातमी म्हणजे कोण काय बोललं, कोण विरोधात गेलं, किती मतांनी पास झालं असं सगळं असायचं. तुमचा वार्ताहर तिथं बसलेला असायचा. आता व्हॉट्सअॅपवर प्रेस नोट येते आणि तीच छापून येते, आमच्या ग्रुपवर ती आदल्या संध्याकाळीच वाचून झालेली असते. गावातल्या ग्रुपवर मयताची वेळ कळते, पाणी सुटलं का कळतं, कुणाची म्हैस सुटली ते कळतं, चांगलंच आहे ते. पण ठराव कळत नाही, कारण जो सांगणार तो कुठल्या तरी गटाचा असतो आणि अर्धंच सांगतो. म्हणून पेपर लागतो.

मागच्या पौषात औंधला यमाईच्या यात्रेला गेले होते तेव्हा मुलीला तिथली गोष्ट सांगत होते. जानेवारी १९३९ मध्ये औंधच्या राजानं, भवानराव पंतप्रतिनिधींनी, गांधीजींचा सल्ला घेऊन आपला कारभार लोकांच्या हातात दिला. ७२ गावांचं छोटं संस्थान, औंध, कुंडल, आटपाडी असं सातारा सांगलीत विखुरलेलं आणि थोडं विजापूरकडं. गावानं पंच निवडायचे, शाळा विहीर भांडणतंटा त्यांनी बघायचा. देशाला स्वातंत्र्य मिळायच्या आधी. पोरगी म्हणाली मग आपल्या इथं का नाही विचारत लोकांना. मला उत्तर देता आलं नाही.

माझं मागणं मोठं नाही. अजेंडा सभेच्या आधी दर्शनी भागात लावावा, कपाटामागं नाही, आणि सकाळी घंटागाडी गाणं वाजवत फिरतेच तर त्याच स्पीकरवर सभेची तारीख आणि हरकतीची मुदत सांगावी, एक रुपया जादा खर्च नाही. सभेचं कार्यवृत्त वेबसाईटवर टाकावं. २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्यात कलम ४ मध्ये स्पष्ट आहे की सभा लोकांना खुल्या आहेत का आणि त्यांची कार्यवृत्तं लोकांना मिळतात का हे कार्यालयानं आपणहून जाहीर करायचं. मी सातही आयत्या विषयांसाठी १० रुपयांचा अर्ज टाकलाय, ३० दिवसांत उत्तर यायला पाहिजे, आलं की प्रत तुम्हाला पाठवते. पण प्रत्येक सभेला अर्ज कोण टाकत बसणार, आणि महिन्यानं कळून उपयोग काय.

आणि तुमच्याकडून एवढंच, की फेब्रुवारीत अंदाजपत्रकाची सभा असते, वर्षभराचा पैसा कुठं जाणार ते त्या एका दिवशी ठरतं, त्या सभेला तुमचा माणूस पाठवा. बसू द्या त्याला शेवटपर्यंत, आयत्या वेळच्या विषयांपर्यंत. व्हॉल्व्हची यादी आली का ते पण त्याला विचारायला सांगा. अजेंडा माझ्याकडं झेरॉक्सला आला की मी तुमच्या सातारच्या ऑफिसला फोन करते, एक कॉपी त्याच्यासाठी काढून ठेवते, पैसे नकोत. मागच्या रांगेत खुर्च्या रिकाम्या असतात.

आपली,
एक वाचक, जि. सातारा
(नाव व पत्ता आपल्याकडं दिला आहे, कृपया छापू नये)