ब्रह्मदेशातले दवाखाने आणि आमचं मलेरिया खातं

परळ, मुंबई

प्रिय दिन्या,

तुझं पत्र पोचलं. आजोबा 'बर्मा फ्रंटला स्ट्रेचर उचलायचे' एवढ्यावरून मी काय शोधणार रे? त्यांचं डिस्चार्जचं पुस्तक मिळालं तर फील्ड अँब्युलन्सचा, म्हणजे लढाईलगतच्या वैद्यकीय तुकडीचा, नंबर बघ. नंबरावरून डिव्हिजन निघते. तोवर मी दुसऱ्या महायुद्धातल्या त्या मोहिमेच्या दवाखान्यांबद्दल वाचत बसलो, आणि आमच्याच खात्याची फाईल वाचतोय असं वाटायला लागलं.

1943 साली तिथे जखमी होऊन मागे गेलेल्या एका माणसामागे आजारी पडून गेलेले 120 होते. हिशोब खुद्द तिथल्या ब्रिटिशांच्या चौदाव्या सेनेच्या जनरल स्लिमचा. मलेरिया, हगवण, स्क्रब टायफस (बारीक किड्यांच्या चाव्याने येणारा ताप). त्यात जावा 1942 मध्येच जपान्यांनी घेतलेलं, म्हणजे मलेरियावरच्या क्विनाइनचा मुख्य पुरवठाच गेला. मग त्याऐवजी मेपाक्रिनची गोळी. त्याने कातडी पिवळी पडायची, वर 'पुरुषत्व जातं' ही आवई! शिपाई टाळणारच. स्लिमने अचानक तपासण्या लावल्या. 95 टक्क्यांहून कमी लोकांनी गोळी घेतलेली निघाली, की त्या पलटणीचा कमांडिंग ऑफिसर घरी. तिघांना काढावं लागलं, बाकीचे समजले. जाब डॉक्टरला नाही, साहेबाला विचारला, मेख ती.

दुसरं म्हणजे, आधी तापाचा माणूस शेकडो मैल मागे भारतात यायचा नि महिनोन्‌महिने तिकडेच राहायचा. मग लढाईच्या मागे काही मैलांवरच मलेरियाची पुढची उपचार युनिटं उघडली. काही आठवड्यांत गडी परत पलटणीत. पण दवाखाना पुढे नेला की शत्रूही जवळ. फेब्रुवारी 1944 मध्ये आराकानात सिंझवेयाचं ड्रेसिंग स्टेशन जपान्यांच्या हाती पडलं आणि त्यांनी खाटेवरचे जखमी नि डॉक्टर मारले. त्या रात्रीबद्दल वाचून पुस्तक मिटून ठेवलं.

आमच्याकडे व्हायवॅक्स या प्रकारच्या मलेरियाला प्रायमाक्विनच्या गोळ्या चौदा दिवस. ताप तिसऱ्या दिवशी उतरतो, मग गोळ्या कोण घेतो? परवा आरोग्यसेविकेबरोबर वरळीच्या एका चाळीत एका पेशंटकडे गेलो. 'घेतल्या, ताई,' म्हणे. पाकीट डब्यात तसंच, वर पोरीच्या केसांच्या पिना. सेविकेने पाणी मागितलं, समोर बसवून त्या दिवसाची गोळी घ्यायला लावली आणि उद्या येते म्हणाली. तिचं काम चोख आहे. पण शेजारच्या बांधकामावर पाण्याची पिंपं उघडीच, नोटीस गेली तरी. तिथल्या मुकादमाच्या साहेबाला घरी पाठवणारा स्लिम आणायचा कुठून?

वहिनींना नमस्कार.

तुझा,
मध्या