बुडत्याला कुत्र्याचा आधार

ऑगस्ट २०२१ मध्ये इटलीतल्या स्पर्लोंगा किनाऱ्यावर वाऱ्यामुळे आत ओढले गेलेले १४ जण तीन लॅब्राडॉर कुत्र्यांनी आणि त्यांच्या प्रशिक्षकांनी सुखरूप बाहेर काढले. त्यात लहान मुलेही होती! कुत्र्याच्या अंगावरच्या पट्ट्याला मूठ असते. बुडणाऱ्याने ती घट्ट धरायची, की कुत्रा त्याला ओढत किनाऱ्याकडे पोहत निघतो. घाबरलेला माणूस वाचवणाऱ्याच्याच गळ्याला मिठी मारतो, तो धोका त्यामुळे कमी होतो. कोकणात सुट्ट्यांमध्ये पर्यटक बुडाल्याच्या बातम्या वाचून जीव तुटतो. पाण्यातल्या बचावासाठी ओळखल्या जाणाऱ्या, दाट केसांच्या न्यूफाउंडलंड जातीच्या कुत्र्याला इथला उकाडा सोसायचा नाही, पण लॅब्राडॉर तर आपल्या पोलिसांच्या श्वानपथकात आहेतच. निदान एका किनाऱ्यावर जीवरक्षकांच्या जोडीला ते द्यावेत.

– एक वाचक, रत्नागिरी