आईच्या हाती काम परत देणाऱ्या मॅडमना

नागपूर

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

आपले आभार तोंडी मानून झाले आहेत आणि पेढेही देऊन झाले आहेत. तरीही हे पत्र चारचौघांना वाचता येईल असे लिहिते आहे. अर्धांगवायूतून उठलेले माणूस आपल्या शहरात पुष्कळ घरांत आहे. त्या घरांना गोळ्या-औषधे ठाऊक असतात, भौतिकोपचारही (फिजिओथेरपी) ठाऊक असतो. आपल्या व्यवसायोपचाराचे (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामे पुन्हा करता यावीत यासाठीचा उपचार) नाव काढले की मात्र ‘म्हणजे नोकरी लावून देतात का?’ असा प्रतिप्रश्न येतो. आपण आमच्या घरी काय केले हे सविस्तर सांगितल्याशिवाय आभाराला अर्थ येणार नाही, म्हणून थोडे लांबण लागेल.

वैशाखात आईच्या उजव्या अंगावरून वारे गेले. मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा अडला की उजवे अंग लुळे पडते आणि वाचाही जाऊ शकते. आईची वाचा वाचली, थोडी जड झाली एवढेच. पाय लवकर सावरला, काठी घेऊन ती घरात फिरू लागली, पण हात मांडीवर पडून राहिला. पहिल्या तीनेक महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होते, असे डॉक्टरांनी बजावले होते, त्यामुळे घरात धावपळ होती. आणि त्याच धावपळीत, केवळ मायेपोटी, आईच्या हातातले एकेक काम आम्ही काढून घेत होतो. तिला भरवायला कोणी ना कोणी हजर असे, पदर नीट करायला कोणी ना कोणी पुढे होई. स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून ती बसे आणि आत चाललेले सगळे तिला चुकीचे वाटे.

आपण पहिल्यांदा आलात तेव्हा आईचा हात लगेच तपासायला घेतला नाही. सकाळी उठल्यापासून रात्री अंथरूण घालेपर्यंत ती पूर्वी काय काय करायची, ते क्रमाने विचारले. ओटा किती उंच आहे ते टेपने मोजले, भांड्यांची मांडणी उघडून पाहिली आणि मग बेत काय असतो, वडे कुठल्या डाळीचे करता, अशी चौकशी सुरू केली. त्याआधी कोणीतरी दाबायला दिलेला रबरी चेंडू उशाशी पडलेला होता आणि आईने त्याला हात लावणे सोडले होते. त्याविषयी आपण विचारताच ती म्हणाली, ‘मले काय बालवाडीत घातलं का?’ आपण मनापासून हसलात आणि तो चेंडू माझ्या मुलाला देऊन टाकलात. उपचार मार्गी लागणार याची मला पहिली खात्री तिथेच वाटली.

मग हाताची तपासणी झाली. आईला डोळे मिटायला सांगून आपण आधी कापसाने आणि नंतर गार व कोमट चमच्याने तिची बोटे चाचपली, आणि उजव्या हाताला गरम-गारातला फरक नीट कळत नसल्याचे आमच्या लक्षात आणून दिले. हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. चहाचा कप तिच्या उजव्या हातात देण्याचा उत्साह घरात प्रत्येकालाच होता, तो त्या दिवशी थांबला.

पुढच्या काही भेटींत आपण जे केले ते बाहेरून पाहणाऱ्याला अगदी किरकोळ वाटेल. एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात तो काळा फोम बोटभर लांबीचा कापून चमच्याच्या दांड्यावर बसवला. दांडा जाड झाला की अर्धवट मिटणाऱ्या मुठीतही तो टिकतो. परात घसरू नये म्हणून तिच्याखाली ओले फडके ठेवले. ब्लाउजला हुकांच्या जागी वेल्क्रो लावून घेतला आणि कपडा घालताना दुबळा हात आधी, काढताना तो शेवटी, हा नियम आईकडून घोटून घेतला. साडीचा प्रश्न अवघड होता. सगळ्यांनी गाऊन सुचवला होता आणि आई गाऊनमध्ये पाहुण्यांसमोर येत नव्हती, म्हणजे प्रत्यक्षात ती कोणासमोरच येत नव्हती. आपण तिच्या दोन सुती साड्यांच्या निऱ्या शिंप्याकडून कंबरपट्टीवर शिवून घेतल्या. त्या कंबरेला गुंडाळून वेल्क्रोने बसवता येत आणि खांद्यावरचा पदर ती डाव्या हाताने स्वतः घेई. त्यानंतरच्या रविवारी शेजारच्या काकूंना आईने स्वतःहून चहाला बोलावले.

पावशीचे, म्हणजे विळीचे, मात्र जरा जास्त सांगितले पाहिजे. एका हाताने भाजी चिरण्यासाठी खिळे ठोकलेला लाकडी फळा वापरतात. बटाटा खिळ्यांत रोवायचा आणि सुरीने कापायचा. तो आपण आणून दाखवला. आईने जन्मात सुरी धरलेली नव्हती, त्यामुळे डाव्या हातात ती कशीही वळू लागली. आपण फळा पिशवीत घातला आणि कोपऱ्यात उभी असलेली पावशी उचलून तिच्याकडे कितीतरी वेळ पाहत राहिलात. पावशीचे पाते जागचे हलत नाही, हलते ती भाजी; म्हणजे एका हाताच्या माणसासाठी निम्मे काम तिने आधीच करून ठेवलेले आहे. अडचण एवढीच होती, की तिचा पाट पायाने दाबून धरायला जमिनीवर बसावे लागते आणि आईला तसे बसता येत नव्हते. आपण सुताराचा क्लॅम्प मागवून पावशी बसक्या टेबलाला आवळून बसवलीत, टेबल भिंतीला टेकवलेत आणि खुर्चीची उंची उशी घालून ठरवलीत. डाव्या हाताने दुधी पात्यावर सरकवायचा आणि उजवा हात पाटाच्या मागच्या टोकावर, पात्यापासून दूर, नुसता वजनासारखा ठेवायचा, असे ठरले. त्या दिवशीच्या दुधीच्या फोडी लहान-मोठ्या झाल्या. भाजीही काही कच्ची, काही गळलेली अशी शिजली, आणि ती सगळ्यांनी मुकाट्याने खाल्ली.

अडले तिथे काहीतरी लावून वेळ मारून नेण्याची हातोटी आपल्याकडे पुष्कळांना असते आणि तिचे कौतुकही भरपूर होते. मला त्या कौतुकाचा थोडा कंटाळा आहे, कारण वेळ निभावली की तिथे विचार थांबतो. आपला विचार त्यानंतर सुरू होई. लाटण्याला तळहाताचा पट्टा शिवून आणला होता, तो आम्हा सगळ्यांना फार आवडला होता आणि पोळी लाटलीही जात होती. आपण मागे उभे राहून पाहिले, लाटताना आई उजवा खांदा वर उचलते आहे हे आपल्याला दिसले, आणि आपण तो पट्टा तिथल्या तिथे काढून घेतला. खांदा उचलून काम भागवण्याची खोड एकदा लागली की कोपर आणि मनगट हलायचे विसरतात, असे आपण समजावून सांगितले. स्वतः खपून केलेली वस्तू इतक्या सहज बाजूला ठेवणारी माणसे मी फार पाहिलेली नाहीत.

मग श्रावण सरत आला. काचेच्या कपाटातला चाकांचा लाकडी नंदी आपल्या नजरेला पडला आणि तान्ह्या पोळ्यासाठी तो दरवर्षी कोण सजवते, असे आपण विचारले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांनी लाकडी बैल सजवून घरोघर नेण्याची ही प्रथा दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ साली सुरू केली असे सांगतात. आमच्या घरी नंदीची झूल हे आईचे खाते होते आणि त्या वर्षी बाजारातून तयार झूल आणायची असे आमचे ठरलेही होते. आपण नंदी बाहेर काढायला लावला.

त्यानंतरचे दिवस मी शेजारी बसून पाहिले आहेत. आपण नंदी मुद्दाम आईच्या उजवीकडे, हात पोहोचेल न पोहोचेल अशा अंतरावर ठेवत होतात. तो हलू नये म्हणून उजवा तळवा त्याच्या पाठीवर दाबून धरणे भाग होते आणि डावा हात फेव्हिकॉल लावून मणी चिकटवत होता. गुळगुळीत टेबलावरून मणी चिमटीत येत नाहीत आणि घरंगळतातही, म्हणून आपण टर्किश टॉवेल अंथरला. सुरुवातीला बोराएवढे लाकडी मणी होते. ते उजव्या बोटांनी टॉवेलच्या कडेपर्यंत ओढायचे आणि कडेवरून अंगठ्याच्या आधाराने उचलायचे. ते जमल्यावर मणी लहान झाले, शेवटी बेगडाच्या टिकल्या आल्या. चेंडू दहादा दाबून थकणारी आई संध्याकाळपर्यंत किती वेळा हात पुढे नेत होती याची मोजदाद कोणी ठेवली नाही, तिने तर नाहीच. मेंदूतल्या नव्या वाटा सततच्या सरावाने तयार होतात आणि समोर खरेखुरे काम असले की माणूस तो सराव न कंटाळता करतो, हे आपण मला पुढे सांगितलेत. तेव्हा मला फक्त एवढेच दिसत होते की आपण झुलीसाठी हिरवा रंग सुचवला आणि आईने तो साफ धुडकावून लावला. तिला संत्र्याच्या रंगाची झूल हवी होती, हिरवी फक्त किनार. यावर तुमचा दोघींचा चांगला वाद झाला आणि आई जिंकली. आजारपणानंतर घरातल्या कोणत्याही गोष्टीत तिचे मत चालण्याची ती पहिलीच वेळ असावी.

नंदीचे डोळे खाली-वर झाले. नातवाने तो तिरळा असल्याचे जाहीर केले. मी नीट करायला हात पुढे केला तर आईने तो झटकला. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारबतीची मिरवणूक पाहायला अर्धी वस्ती शहरातल्या महाल भागाकडे गेलेली असताना ती शिवलेल्या निऱ्यांची साडी नेसून दारात बसली आणि नंदी घेऊन येणाऱ्या प्रत्येक पोराला तिने बोजारा, म्हणजे सणाचे पैसे, दिला, तोही उजव्या हाताने. नाणी वाटीतून उचलायला वेळ लागत होता आणि पोरांची रांग तक्रार करत होती.

आपल्या शाखेचा इतिहास मी नंतर थोडा वाचला. या विषयाची पहिली व्यावसायिक संघटना अमेरिकेत १९१७ साली स्थापन झाली आणि पहिल्या महायुद्धातून जायबंदी होऊन परतलेल्या सैनिकांना टोपल्या विणणे, लाकूडकाम अशी कामे देऊन हात-मन सावरायला मदत करण्यात या शाखेचा पाया भक्कम झाला. भारतात हे शिक्षण १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात सुरू झाले ते कमला निंबकर यांच्यामुळे. त्या जन्माने अमेरिकन, लग्नाने निंबकर. पुढे नागपुरातही हे शिक्षण सुरू झाले आणि आपण इथेच मेडिकलमध्ये शिकलात. टोपल्या विणण्यापासून निघालेली ही विद्या आमच्या घरी नंदीच्या झुलीपर्यंत पोहोचली, यात मला तरी काही ओढाताण वाटत नाही.

हिवाळ्यात सांबार, म्हणजे कोथिंबीर, स्वस्त झाल्यावर जे घडले ते आपल्याला अर्धेच माहीत आहे. वड्यांसाठी सांबार निवडायला आपण सांगितले होते. बारीक काडी चिमटीत धरून पान खुडणे हा बोटांना उत्तम सराव होता. आईने त्यावर स्वतःची भर घातली. जुडी सुटी होऊन पसरायची, म्हणून ती तिने पितळी तांब्यात उभी खोचली आणि फुलदाणीतून फुले काढावीत तशी एकेक काडी काढू लागली. सुईत दोरा ओवण्यासाठी सुई अंगाच्या साबणात उभी रोवण्याची युक्तीही तिचीच. ती आपण वहीत लिहून घेतलीत आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या एका आजींना शिकवून आल्याचे तिला आवर्जून सांगितलेत. रुग्णाची युक्ती तज्ज्ञाने लिहून घ्यावी, याचा आईवर जो परिणाम झाला तो मला शब्दांत मांडता येत नाही. तेव्हापासून घरातली प्रत्येक वस्तू ती नव्याने पाहते आणि आमच्या सूचना ऐकून घेण्याऐवजी आम्हालाच सूचना देते. खरे आभार मला याचे मानायचे आहेत. आपली कल्पकता आपल्यापाशीच राहिली असती, तर आपल्या भेटी थांबल्यावर आईही थांबली असती.

सगळे पूर्ववत झाले असा कोणाचा समज होऊ नये. आईची बोटे आजही पूर्ण उघडत नाहीत, थंडीत मनगट आखडते, आणि दारातली रांगोळी ती डाव्या हाताने काढते. रेषा वाकडी गेली की तिला राग येतो आणि त्या रागावर आमच्यापैकी कोणाकडेही उपाय नाही. आपणही कधी चमत्काराचे आश्वासन दिले नाही, हे इथे नमूद करते.

दोन कामाच्या गोष्टी सांगून पत्र पुरे करते. कमोडवरची उंच बैठक आणि न्हाणीघरातली खुर्ची आम्हाला आता लागत नाही. आपण म्हणाल त्या घरी मी स्वतः नेऊन देईन. पावशीच्या टेबलाची मापे आणि क्लॅम्प बसवण्याची पद्धत चित्रासह कागदावर उतरवली आहे, ती सोबत जोडते. तपासून चुका दुरुस्त करून द्याव्यात, म्हणजे इतरांनाही देता येईल. आणि तान्ह्या पोळ्याला आपल्या मुलीला नंदी घेऊन नक्की पाठवावे, असा आईचा निरोप आहे. यंदाच्या झुलीचा रंग तिने अजून कोणालाही सांगितलेला नाही.

आपली कृतज्ञ,
आपल्या रुग्णाची मुलगी