काळा सूर्य आणि रंगज्योतिषी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मुलाने सूर्य काळा रंगवला की ‘याच्या मनात काहीतरी साचलंय’ असे सांगून पालकांना घाबरवणाऱ्या ‘आर्ट थेरपी’ (चित्रकलेच्या आधारे मनावर उपचार) शिबिरांचे हल्ली पेव फुटले आहे. हे निव्वळ रंगज्योतिष आहे. पिवळा खडू संपला होता म्हणूनही सूर्य काळा होतो! चित्राचा अर्थ ते काढणाऱ्याने सांगायचा असतो, थेरपिस्टने फक्त विचारायचे.

तेही जपून. ‘हे काय काढलंस?’ म्हटले की समोरचा परीक्षेला बसतो. ‘या चित्राबद्दल सांगशील?’ म्हटले की बोलू लागतो. ‘वा, छान!’ हेसुद्धा टाळावे, कारण मग पुढचे चित्र शाबासकीसाठी निघते.

खरे कौशल्य साधनांच्या निवडीत आहे. पेन्सिल, स्केचपेन, कात्रणांचे चिकटकाम यांवर हाताचा ताबा राहतो, त्यामुळे मनही आवरलेले राहते. पाण्याचे रंग, बोटांनी रंगवणे, ओली माती यांत ताबा सुटतो आणि दाबलेले वेगाने वर येते. ताज्या आघातातून जाणाऱ्या माणसाला पहिल्याच दिवशी जलरंग देऊन ‘तुमचं दुःख काढा’ सांगणे म्हणूनच धोक्याचे. श्वास जलद झाला, नजर शून्यात गेली किंवा कागद फाटेपर्यंत गिरगटणे सुरू झाले, तर काम थांबवावे, पाय जमिनीवर टेकवायला सांगावेत, खोलीतल्या पाच वस्तूंचे रंग सांगायला लावावेत आणि मग हाती पेन्सिल द्यावी.

कोऱ्या कागदाची धास्ती बहुतेकांना असते. ताटली ठेवून वर्तुळ आखून दिले की हात चालू लागतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ८४ विद्यार्थ्यांपैकी मंडल (वर्तुळातली नक्षी) किंवा चौकड्यांची नक्षी रंगवणाऱ्यांची चिंता कोऱ्या कागदावर मनाला येईल ते रंगवणाऱ्यांपेक्षा जास्त उतरली होती. अर्थात, नुसते रंगभरणाचे पुस्तक म्हणजे थेरपी नव्हे. जलरंगासाठी कागद जाड, किमान २०० जीएसएमचा (चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचा) घ्यावा. झेरॉक्सचा कागद पाण्याने फुगतो, त्याचा लगदा होतो आणि आधीच खचलेला माणूस ‘मला हेही जमत नाही’ म्हणून उठतो.

तासाभराच्या सत्रात साधारण दहा मिनिटे स्थिरावायला, पस्तीस कामाला आणि उरलेली चित्र समोर ठेवून बोलायला लागतात. शेवटची पंधरा मिनिटे रंगाच्या नादात गेली, तर माणूस उघडी जखम घेऊन घरी जातो. शिबिरांत नेमके हेच होते.

मर्यादाही सांगायला हव्यात. स्किझोफ्रेनिया या गंभीर मनोविकाराच्या ४१७ रुग्णांवरील ‘मॅटिस’ चाचणीत (२०१२) नेहमीच्या उपचारांना आठवड्यातून एकदा सामूहिक आर्ट थेरपीची जोड देऊनही लक्षणांत वा दैनंदिन कामकाजात फरक दिसला नाही. अनेक जण सत्रांना फारसे आलेच नव्हते, हेही खरे. पण गोळ्या सोडून रंग हाती घ्या असे कोणी सांगत असेल, तर तिथून निघावे. आत्महत्येचे विचार बोलण्यात वा चित्रात आले, तर थेट विचारावे आणि त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे न्यावे.

आणखी एक. सत्रातले चित्र ही खासगी नोंद आहे. ते तारीख घालून फोल्डरमध्ये बंद राहावे. भिंतीवर लावायचे किंवा व्हॉट्सॲपवर टाकायचे, तर काढणाऱ्याची परवानगी हवीच. मुलांच्या बाबतीत फक्त पालकांची पुरत नाही, मुलालाही विचारावे.

– एक आर्ट थेरपिस्ट