तंजावरला जाऊ, पण तंजावरलाच

चेन्नई

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात की एवढं तंजावरपर्यंत जायचंच आहे तर मदुराई आणि रामेश्वर उरकून घेऊ, जमलं तर कन्याकुमारीही. मी तेव्हा 'बघते' म्हणाले. नकाशा उघडून बघितलं, गाड्यांच्या वेळाही बघितल्या, आणि आता स्पष्ट सांगते: नको. दोन मुक्काम करू, आणि दोन्ही तंजावरलाच.

उरकून घेणं पुष्कळ झालं. यात्रा कंपनीबरोबर तुम्ही दक्षिण केलीत तेव्हाचे फोटो माझ्याकडे आहेत. प्रत्येक फोटोत आईच्या हातात पर्स आणि पाण्याची बाटली, आणि नजर बसकडे. पहाटे चारला उठवायचे आणि देवळात दर्शनापुरता वेळ द्यायचे. तंजावरला बस पोचली ती भर दुपारी, तेव्हा देऊळ बंद. बंदच असणार, तिकडची बहुतेक मोठी देवळं साडेबाराच्या सुमारास बंद होतात ती चारलाच उघडतात. तुम्ही जेवलात आणि पुढे निघालात. आई अजून म्हणते, "तंजावर झालं की आमचं, बाहेरून."

आई, तंजावर बाहेरून झालं असं म्हणता येत नाही. सातारकरांना तर नाहीच.

तू दरवर्षी सज्जनगडावर जातेस. तिथल्या राममूर्ती तंजावरच्या कारागिरांनी घडवल्या असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. समर्थ स्वतः तंजावरला आले होते अशी परंपरा आहे, आणि त्यांच्या शिष्यांचे मठ तिथे झाले. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी १६७० च्या दशकात तंजावर घेतलं, आणि तेव्हापासून पावणेदोनशे वर्षांहून जास्त काळ भोसल्यांचं राज्य तिथे राहिलं. आपली साताऱ्याची गादी १८४८ मध्ये खालसा झाली, तंजावरची १८५५ मध्ये. दोन्हीकडे कारण एकच: राजा गेला आणि औरस मुलगा नव्हता. एकाच घराण्याच्या या दोन शाखा. त्यातली एक तुमच्या खिडकीतून दिसणाऱ्या किल्ल्याखाली नांदली आणि दुसरी कावेरीच्या काठी. ती दुसरी तुम्ही पाहिलेली नाही.

मागे मी मैत्रिणींबरोबर गेले होते तेव्हा तंजावरच्या मोठ्या देवळाच्या, बृहदीश्वराच्या प्राकारात, मागच्या अंगाला, एका भिंतीपाशी थबकले. भिंतभर मराठी. तंजावरच्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास तिथे दगडात कोरून घेतला आहे. आजूबाजूला सगळीकडे तमिळ शिलालेख, हजार वर्षांपूर्वीच्या चोळांचे, आणि मध्येच ही आपली भाषा, देवनागरीत. भाषा जुनी आहे, मला दोन-चार ओळींपलीकडे नीट लागेना. मैत्रिणी पुढे गेल्या, त्यांना त्यात काय विशेष वाटणार! मी मात्र तिथे उभी राहून तुमचाच विचार करत होते, बाबा. भूमी अभिलेखात जुने कागद लावण्यात तुमची सगळी नोकरी गेली. तुम्ही तिथे चष्मा पुसून उभे राहाल, एकेक शब्द लावत जाल, आईला हाक मारून वाचून दाखवाल. त्या भिंतीसमोर तुम्हाला कुणी 'चला, बस सुटतेय' म्हणू नये, एवढ्यासाठी मला ही सहल करायची आहे. रामेश्वर मध्ये घातलं की आपणच आपल्याला 'चला' म्हणायला लागू.

आता बेत सांगते. तुम्ही जानेवारीअखेर इकडे येताच आहात. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात निघू. पाऊस तोवर संपलेला असतो (इकडचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, हे लक्षात असू दे), पोंगलची गर्दी ओसरलेली असते आणि ऊन अजून सोसण्यासारखं असतं. मार्चनंतर तिथल्या दगडावर पाय ठेवायची सोय नाही.

जाताना इथल्या एग्मोर स्टेशनहून सकाळची चोळन एक्सप्रेस. रात्रीची उळवन एक्सप्रेसही आहे, पण ती पहाटेच्या अंधारात उतरवते आणि हॉटेलवाले दुपारपर्यंत खोली देत नाहीत. दिली तर आदल्या रात्रीचं भाडं लावतात. दिवसाच्या गाडीने चिदंबरम, कुंभकोणम असं करत भाताच्या हिरव्या खाचरांतून जायला मिळेल. कावेरीचा हा त्रिभुज प्रदेश म्हणजे तमिळनाडूचं भाताचं कोठार. दुपारी पोचलो की खोली तयार असेल. येताना रात्रीची गाडी घेऊ, तेव्हा झोपून यायला बरी. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत २०२० पासून बंद आहे ती आहेच, पण खालच्या बर्थचा कोटा अजून आहे. आधार कार्डावरची जन्मतारीख मला पाठवा, मी त्याच दिवशी तिकिटं काढते.

हॉटेलसाठी मी तिथल्या तीन-चार ठिकाणी फोन केले आणि एकुलत्या एका मुलीला शोभतील असे प्रश्न विचारले: लिफ्ट आहे का, कमोड आहे का, बाथरूममध्ये धरायला दांडी आहे का, आणि पहिल्या मजल्याला तुम्ही तळमजला तर म्हणत नाही ना. देवळापासून रिक्षाने पाच मिनिटांवरचं एक साधं, स्वच्छ हॉटेल नक्की करते आहे. बाबा, तिथली भाड्याची पाटी बघून तुम्ही धर्मशाळेची चौकशी कराल, म्हणून आत्ताच सांगते, पैसे मी भरून टाकणार आहे. एक दुपार मात्र आपण 'स्वात्मा'मध्ये जेवू. जुन्या वास्तूचं केलेलं हॉटेल आहे, पूर्ण शाकाहारी. राहायला महाग आहे, पण एक जेवण आईच्या वाढदिवसाचं म्हणून धरा.

एरवी केळीच्या पानावरचं साधं जेवण. सांबारभात, मग वत्तकोळंबू (चिंचेचं आंबट कालवण), मग रसम, शेवटी ताक किंवा दही, प्रत्येकाबरोबर पुन्हा भात वाढतात. बाबा, तुमच्या साखरेचं मी विसरलेले नाही. हाताने 'थोडा' अशी खूण केली की ते थोडाच वाढतात, आणि रात्री बहुतेक ठिकाणी चपाती मिळते. कॉफी मागताना 'सक्करै इल्लामल' म्हणायचं, म्हणजे बिनसाखरेची येते. आईला तिरुवैयारूचा अशोका हलवा खाऊ घालीन, मुगाच्या डाळीचा असतो आणि तुपाने थबथबलेला. सांबार हे नाव संभाजीराजांवरून पडलं, ते तंजावरच्या दरबारात पहिल्यांदा झालं, ही गोष्ट तुम्हाला कुणीतरी सांगेलच. पुरावा काही नाही, पण तंजावरात बसून ऐकायला गोड लागते.

पहिल्या संध्याकाळी फक्त देऊळ. राजराज चोळाने १०१० मध्ये ते पूर्ण केलं. शिखर साठ मीटरच्या वर गेलेलं आणि सगळं ग्रॅनाइटचं, त्या सपाट भातशेतीच्या मुलखात! एवढा दगड तिथे मुळात नाहीच, तो लांबून आणला. पश्चिमेचं ऊन त्यावर आलं की दगड मधाच्या रंगाचा होतो. शिखराची सावली जमिनीवर पडत नाही असं गाइड सांगतात. पडते, मी पाहिली आहे. त्या कथेची देवळाला गरजच नाही. चपला बाहेर ठेवाव्या लागतात, म्हणून दोघांनी जाड सुती मोजे आणा. अंगण मोठं आहे, पण चारही बाजूंना ओवऱ्या आहेत, सावली आहे, बसायला जागा आहे. आई, तू नंदीपाशी बस. एकाच दगडातला एवढा मोठा नंदी आहे की तुझे डोळे त्याच्या गुडघ्याला लागतील. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला देऊळ उघडतं तेव्हा पुन्हा जाऊ, आणि बाबांची भिंत त्या वेळी. कोवळं ऊन, माणसं कमी, आणि दहापर्यंत मोकळा वेळ.

मग न्याहारी, खोलीवर पडणं, आणि चारच्या सुमारास राजवाडा. राजवाड्याची पडझड झालेली आहे, ते बघून वाईट वाटेल. दरबार हॉलचे रंगीत खांब तेवढे बघा आणि कलादालनातल्या चोळकालीन पंचधातूच्या मूर्तींपाशी वेळ द्या. जिथे मी तुम्हाला मुद्दाम नेणार ते सरस्वती महाल ग्रंथालय. मराठ्यांच्या आधीच्या नायक राजांच्या काळापासूनचं आहे, पण आजचं वैभव सरफोजींचं. ताडपत्रं, संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी पोथ्या आणि मोडी कागदांचे गठ्ठेच्या गठ्ठे. मूळ कागद हाताळायला परवानगी लागते, पण प्रदर्शनाच्या दालनात बरंच मांडलेलं आहे. या राजाने छापखाना काढला, आणि १८०६ मध्ये इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या. पुण्यात तेव्हा अजून पेशवाई होती!

आणि आई, तुझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी तू घाबरली होतीस ना? या राजाच्या पदरी वैद्य होते, डोळ्यांवर उपचार चालत, आणि रुग्णांच्या डोळ्यांची चित्रं काढून नोंदी ठेवलेल्या आहेत. दोनशे वर्षांपूर्वी! तुला ते वाचून नवल वाटेल आणि थोडा धीरही, दुसरा डोळा अजून व्हायचा आहे म्हणून.

तिसऱ्या दिवशी गाडी करून तिरुवैयारू, बारा-तेरा किलोमीटर. तिथे कर्नाटक संगीतातले संत-संगीतकार त्यागराज यांची समाधी आहे, कावेरीच्या काठी. तुझ्या भजनी मंडळातल्या बायकांना सांगायला तुझ्याकडे काहीतरी हवं की नको? अंगात त्राण असलं तर पुढे कुंभकोणमजवळचं दारासुरमचं देऊळ. नसलं तर परत येऊन झोपायचं, रात्रीची गाडी आहेच. दारासुरम राहिलं तर राहिलं. बाबा, याच वाक्यावर तुम्ही हरकत घ्याल हे मला माहीत आहे. रामेश्वराला आपण पुढच्या हिवाळ्यात जाऊ, तेवढ्यासाठीच, तेही असंच सावकाश. मी शब्द देते.

विमानतळावर व्हीलचेअर मी सांगून ठेवणार आहे. आई, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पुण्याला सुरक्षा तपासणीची रांग किती असते ते मी बघितलंय, आणि तुझे गुडघे मला देवळासाठी हवेत.

डॉक्टरांना एकदा दाखवून या. बाबांची साखरेची आणि आईची थायरॉइडची औषधं महिन्याची आणा, चिठ्ठीचा फोटो मला आत्ताच पाठवा. बाबा, तुमचं ते मोठं भिंगही आणा, भिंतीवर कोरीव अक्षर काही ठिकाणी झिजलंय. तारखेचं या रविवारपर्यंत कळवा, म्हणजे मी रजा टाकते.

तुमची लेक