आईशी बोलताना नळ बंद ठेवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मातृदिनाला तुमच्याकडे आलेले लेख वाचले. अगदी शेवटच्या कॉलमपर्यंत वाचले. त्यागमूर्ती, वात्सल्यसिंधू, चंदनासारखी झिजलेली, स्वतःसाठी कधी काही न मागितलेली. लिहिणाऱ्यांच्या भावनेबद्दल शंका नाही पण एक गोष्ट खटकली म्हणून हे पत्र. कुठल्याच लेखात आई बोलत नाही हो. आई आहे, तिचे हात आहेत, हातावरच्या सुरकुत्या तर आहेतच आहेत, पण ती काय म्हणाली आणि त्यावर लिहिणारा काय म्हणाला ते कुठेच नाही. आणि बहुतेक लेखांतली आई आता हयात नाही. जिवंत आईवर लिहायला आपण एवढे का बिचकतो? मला वाटतं कारण जिवंत आई उलट बोलते.

मीही त्यातलाच, उगाच शहाणपणा नको. माझं वय ४६, आई ७३ ची, ती एका गावात मी दुसऱ्या. तीन वर्षांपूर्वी मातृदिनाला मी स्टेटसला तिचा जुना ब्लॅक अँड व्हाइट फोटो ठेवला, खाली चार हळव्या ओळी, भरपूर लोकांनी हात जोडले, आणि त्याच संध्याकाळी फोनवर सातव्या मिनिटाला आमचं वाजलं. कशावरून तर ती तिसऱ्यांदा "काय म्हणालास?" म्हणाली आणि मी म्हणालो, "जाऊ दे, काही नाही." बस एवढंच. हे चार शब्द मी तिला गेल्या काही वर्षांत किती वेळा ऐकवलेत त्याचा हिशोब नाही, आणि गंमत म्हणजे ते मात्र तिला दरवेळी नीट ऐकू जायचे.

नंतर काही महिन्यांनी तिच्याकडे गेलो होतो तेव्हा फोनजवळ कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून ठेवलेलं दिसलं, मागे तिचं बारीक अक्षर. मला वाटलं कुणाचे नंबर असतील. तर ती यादी होती, मला फोनवर काय काय सांगायचं त्याची. शेजारच्यांची मुलगी पास झाली. गुडघा. बँकेतून फोन आला होता. पंखा आवाज करतो. आणि दोन ठिकाणी पुढे काट मारून लिहिलेलं, "नको, चिडेल." त्यातलं एक गुडघा होतं.

मी ते पान होतं तसंच ठेवलं, तिला काही बोललो नाही, बोलताच आलं नसतं. पण तेव्हापासून एक डोक्यात बसलं की आपली आई आपल्याशी बोलायच्या आधी तयारी करते, आपण साहेबाच्या केबिनमध्ये जाताना करतो ना तशी.

मग जे काय सुचलं ते करत गेलो, काही जमलं काही नाही. सगळ्यात आधी कान. तिला ऐकू येत नाही असं मी म्हणायचो आणि ती म्हणायची मला सगळं ऐकू येतं, तुम्हीच पुटपुटता. तपासणी केली तेव्हा कळलं दोघांचंही खरं होतं. त्या तपासणीचा एक ग्राफ देतात, डावीकडे जाड आवाज उजवीकडे बारीक आवाज, तिची रेघ डावीकडे बरी होती आणि उजवीकडे घसरगुंडीसारखी खाली गेलेली. वयामुळे कान जातात ते असेच जातात, आधी वरच्या पट्टीतले आवाज. आता आपल्या बोलण्यातला मोठा आवाज असतो तो आ, ई, ओ या स्वरांचा आणि ते खालच्या पट्टीत, पण शब्द कळतो तो स, श, फ, त यांच्यामुळे आणि यातले बरेचसे बारीक, वरच्या पट्टीतले. म्हणजे तिला मी बोलतोय हे ऐकू येतं, काय बोलतोय ते येत नाही. त्यात फोन. साधी फोन लाइन वर्षानुवर्षं साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ (हे आवाजाच्या पट्टीचं माप, आकडा मोठा तेवढा आवाज बारीक) एवढाच आवाज पुढे पाठवायची आणि स चा जोर बराचसा ४००० च्या वरच असतो, म्हणजे आधीच अर्धवट ऐकणाऱ्या माणसाला आपण चाळणीतून बोलतोय. आणि मग ओरडायचो! ओरडल्याने काय होतं तर स्वर मोठे होतात, व्यंजनं आहेत तिथेच राहतात, आणि समोरच्याला आवाजापेक्षा राग जास्त ऐकू जातो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की साठीच्या पुढच्या लोकांत २५ टक्क्यांहून जास्त जणांना त्रासदायक म्हणावा इतका बहिरेपणा असतो. विचार करा किती घरांत रोज संध्याकाळी "जाऊ दे, काही नाही" चालू असेल.

आता आम्ही व्हिडिओ कॉल करतो. मोबाइल समोर उभा ठेवतो, तोंड दिसतं, ओठ दिसले की तिचं निम्मं काम होतं. मशीन लावायला तिने वर्ष घेतलं, चष्मा नाकावर मिरवणारी माणसं कानातल्या मशीनला का लाजतात मला आजवर कळलेलं नाही, असो. त्यावरून मी भांडलो नाही हे माझ्या आयुष्यातलं मोठं काम समजतो.

दुसरं म्हणजे नळ. मी तिला फोन कधी करायचो तर भांडी विसळताना, कपड्यांच्या घड्या घालताना, गाडी चालवताना. एका दगडात दोन पक्षी. स्पीकरवर टाकायचं आणि हूं हूं करायचं. एक दिवस मध्येच म्हणाली, "तुझा नळ चालू आहे का रे?" मी म्हटलं हो, तू बोल ना मी ऐकतोय. म्हणाली, "नाही, मग मी नंतर करते, तू आवर." रागाने नाही हं, अगदी सोयीने म्हणाली. तेच जास्त लागलं. हिच्या मनात स्वतःचा नंबर भांड्यांच्या नंतर लागतो हे ठरून गेलेलं होतं आणि तिला त्यात काही चुकीचंही वाटत नव्हतं. तेव्हापासून नळ बंद. वीस मिनिटं बोलतो, रोज नाही, आठवड्यातून तीनदा, पण हातात काही नसतं. सुरुवातीला खूप अवघड गेलं, खरं सांगतो, पाचव्या मिनिटाला विषय संपायचे.

विषय संपायचे कारण माझे प्रश्न. गोळी घेतलीस का, बीपी किती, लाइट बिल भरलं का, दार नीट लावतेस ना. हे काय बोलणं आहे? ही तर हजेरी. तिच्या जागी मी असतो तर मीही हो, घेतली, भरलं, लावलं म्हणून फोन ठेवला असता. मग मी तिला असं विचारायला लागलो ज्याचं उत्तर मला खरंच माहीत नाही. एकदा विचारलं, लग्नाआधी तू शिलाईच्या क्लासला जायचीस ते सुटलं कसं? पस्तीस मिनिटं. पस्तीस! मला माहीतच नव्हतं की तिने कुणाची तरी मशीन उसनी आणून पैसे साठवले होते आणि ते कुठे गेले. ते कुठे गेले ते इथे लिहीत नाही, तो तिचा विषय.

आणि तेच तेच सांगते म्हणून आपण वैतागतो ना, त्याबद्दल. रॉबर्ट बटलर म्हणून एक अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ होते, त्यांनी १९६३ मध्ये मांडलं की म्हातारपणी माणूस मागचं पुन्हा पुन्हा उकरतो ते काही डोकं चाळवल्याचं लक्षण नव्हे, तो आपल्या आयुष्याचा हिशोब लावत असतो आणि ते नैसर्गिक आहे. म्हातारपणी आठवणी सांगायला लावल्या तर माणसाच्या साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी जास्त निघतात असंही अभ्यासकांना दिसलंय. म्हणजे आई जी गोष्ट सतराव्यांदा सांगते ती बहुतेक आपल्या जन्माच्या आधीची किंवा आसपासची, जेव्हा ती नुसती आई नव्हती. आता मी अठराव्यांदा ऐकताना एखादा नवा प्रश्न टाकतो, तेव्हा तुझ्याबरोबर कोण होतं, तू काय नेसली होतीस, आणि गोष्ट भलत्याच रस्त्याला लागते. (पण एक सांगतो, विसरणं अचानक वाढलं, ओळखीचा रस्ता किंवा रोजची कामं चुकायला लागली तर ते वेगळं, तिथे डॉक्टरच.)

हे सगळं वाचून वाटेल की आमचं आता छान छान चाललंय. नाही हो. ती अजूनही माझ्या मुलाच्या अभ्यासावरून टोमणे मारते, माझ्या वजनावरून मारते आणि माझ्या बायकोबद्दल असं काहीतरी बोलते की ते कौतुक आहे की काय ते मला दुसऱ्या दिवशी कळतं. आणि मी ४६ चा घोडा, पाच मिनिटांत १४ वर्षांचा होतो, तसाच तडकतो. फरक इतकाच की आता "तू नेहमी असंच करतेस" म्हणत नाही. एकदा धीर करून म्हटलं, आई, बायकोचा विषय आपल्यात नको, मला त्याचा त्रास होतो. आवाज न चढवता, एकदाच. दोन दिवस तिने फोन उचलला नाही. मला इतकं अपराधी वाटलं की तिसऱ्या दिवशी माफी मागायच्याच बेतात होतो, तर तिचाच फोन आला, त्या पंख्याचं काय करायचं विचारायला. तो विषय मात्र पुन्हा फारसा निघाला नाही. म्हणजे आईला नाही म्हटलं तर आभाळ कोसळत नाही हे मला पंचेचाळिशीत कळलं.

माफी मात्र एकदा मागितली, वेगळ्या गोष्टीची. फार वर्षांपूर्वी चार पाहुण्यांसमोर मी तिला "तुला काय कळतंय त्यातलं" म्हणालो होतो. ते मला मधूनमधून टोचायचं. एका संध्याकाळी सांगून टाकलं, अमुक दिवशी मी असं बोललो ते चुकलं माझं. नुसतं "काही चुकलं असेल तर माफ कर" असं नाही, त्याला माफी म्हणत नाहीत, तो हात झटकायचा प्रकार. ती म्हणाली, "कधी? मला तर आठवतही नाही." मग जरा वेळ काही बोललीच नाही आणि म्हणाली, "तू तेव्हा निळा शर्ट घातला होतास."

आता मूळ मुद्द्यावर येतो, आईला देवी करण्याच्या. डोनाल्ड विनिकॉट नावाचे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक होते, त्यांनी गेल्या शतकाच्या मध्यावर एक फार साधी कल्पना मांडली, पुरेशी चांगली आई. परिपूर्ण नाही, पुरेशी. त्यांचं म्हणणं असं की आई आधी बाळाचं जवळजवळ सगळं पुरवते आणि मग हळूहळू, बाळाला झेपेल तेवढी, कमी पडत जाते आणि त्या कमी पडण्यातूनच मूल बाहेरच्या जगाशी जुळवून घ्यायला शिकतं. म्हणजे कमी पडणं हा आईपणाचाच भाग. आपण मात्र लेख लिहितो त्यात ती कधी कमी पडलेलीच नसते, आणि खऱ्या आईने एखादा टोमणा मारला की आपल्याला फसवणूक झाल्यासारखं वाटतं. देवीशी भांडता येत नाही, देवीची माफी मागता येत नाही आणि देवीला गुडघाही नसतो.

एक आणखी. ज्यांना आईकडून मार, अपमान, छळ मिळालाय त्यांना हे पत्र लागू नाही. त्यांना कुणी "शेवटी आई आहे" म्हणून ढकलू नये. लांब राहून ज्याला झोप लागते त्याने लांब राहावं, त्याचा निर्णय त्याच्याकडे. तुमच्या पुरवणीत अशांसाठी एक ओळ नसते आणि त्या दिवशी त्यांनी पेपर कसा वाचायचा?

जाता जाता ॲना जार्व्हिसबद्दल. अमेरिकेत आताचा मातृदिन तिने सुरू केला, १९०८ मध्ये पहिला साजरा झाला, १९१४ मध्ये तिथल्या सरकारने अधिकृत केला आणि नंतरची बरीच वर्षं ही बाई स्वतःच सुरू केलेल्या दिवसाच्या बाजाराविरुद्ध भांडत बसली. छापील कार्डांवर तिचा भयंकर राग, कार्ड पाठवणारा पत्र लिहायचा आळस करतो असं तिचं म्हणणं. आणि इंग्रजीत त्या दिवसाचं नाव लिहिताना ती एकवचनाचाच आग्रह धरायची, समस्त मातांचा दिवस नाही, ज्याच्या त्याच्या एका आईचा दिवस. मला ही बाई फार आवडली. थोडी आईसारखीच वाटली, म्हणजे कटकटी पण बरोबर.

तर संपादक साहेब, विनंती एकच आहे. पुढच्या मातृदिनाला वाचकांकडून आईवर लेख मागवू नका. ज्यांची आई आहे त्यांना सांगा की तिला एक प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर तुम्हाला माहीत नाही, आणि ती जे बोलेल ते तिच्याच शब्दांत लिहून पाठवा, तिची परवानगी घेऊन. ती पुरवणी मी विकत घेऊन कपाटात ठेवीन.

आपला,
एक नियमित वाचक

ता. क. पत्र पाठवायच्या आधी आईला व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवलं. यादीचा भाग आला तेव्हा म्हणाली, "ते तू पाहिलं होतंस होय." मी म्हटलं काढून टाकू का. म्हणाली, "राहू दे. कानाचं मात्र काढ." मग पाच मिनिटांनी परत फोन, "कानाचंही राहू दे. पण ७३ नाही रे, अजून दीड महिना आहे."