‘मर्क्युरियल’ म्हणजे तापट नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खेळाच्या किंवा राजकारणाच्या बातमीत इंग्रजी मजकुरातला ‘मर्क्युरियल’ हा शब्द आला की मराठीत ‘तापट’, ‘संतापी’ किंवा ‘शीघ्रकोपी’ छापून मोकळे होण्याची सवय पडली आहे. हा अर्थ चुकीचा आहे. चुकीचे कारणही उघड आहे. मर्क्युरी म्हणजे पारा, आणि मराठीत माणसाचा पारा चढतो तो रागानेच. पण चढणारा हा पारा तापमापकाच्या नळीतला. फॅरनहाइटने पाऱ्याचा भरवशाचा तापमापक केला तो १७१४च्या सुमारास. इंग्रजीत चंचल स्वभावाला ‘मर्क्युरियल’ म्हणू लागले ते त्याच्याही आधी, सतराव्या शतकाच्या मध्यात. नळीतल्या पाऱ्याचा या अर्थाशी संबंध नाही.

शब्द आला ग्रहावरून. रोमन लोकांचा मर्क्युरी हा देवांचा निरोप्या, व्यापाऱ्यांचा देव आणि चोरांचाही पाठीराखा. त्याचे नाव मिळालेला बुध ८८ दिवसांत सूर्याभोवती फिरून येतो. इतका चपळ ग्रह दुसरा नाही. बुधाच्या अमलाखाली जन्मलेला माणूस वाक्पटू, हजरजबाबी, तल्लख, अशी युरोपातल्या ज्योतिषांची समजूत होती. (आपल्या पत्रिकेतही बुध हा वाणी, बुद्धी आणि व्यापार यांचाच कारक.) म्हणजे मुळात ही स्तुती होती. गुरूवरून ‘जोव्हियल’ (आनंदी) आणि शनीवरून ‘सॅटर्नाइन’ (उदास, गंभीर) हे शब्द याच घराण्यातले.

किमयागारांनी धातूलाही त्याच ग्रहाचे नाव दिले आणि अर्थात चंचलपणा भरला. पारा उणे ३९ अंश सेल्सिअसपर्यंत द्रवच राहतो. सपाट फरशीवर सांडलेला थेंब गोळा करायला जावे तर तो फुटून चार गोळ्या चार दिशांना पळतात, आणि दोन गोळ्या एकमेकींना टेकल्या की पुन्हा एक होतात. (करून पाहू नये, वाफ विषारी असते.) संस्कृत कोशांत पाऱ्याला ‘चपल’ असेही एक नाव आहे, तेव्हा ही कल्पना आपल्याला परकी नाही.

‘मर्क्युरियल’मध्ये वेग आणि बदल दोन्ही हवेत. राग त्यात असू शकतो, पण तो लगेच ओसरून हसूही यायला हवे. सदा चिडलेला माणूस मर्क्युरियल नव्हे. मराठीत सर्वांत जवळचे म्हणजे ‘घटकेत असा, घटकेत तसा’ किंवा ‘क्षणे रुष्ट, क्षणे तुष्ट’. एका शब्दात हवे असेल तर ‘लहरी’. पण त्यात तल्लखपणा निसटतो, हे लक्षात ठेवावे.

शेजारच्या शब्दांशीही गल्लत होते. ‘फिकल’ हा निष्ठेबद्दलचा शब्द : आज एकाचा जयजयकार, उद्या दुसऱ्याचा. ‘व्होलाटाइल’मध्ये भडक्याची भीती असते, आणि बाजाराच्या चढउताराला तोच शोभतो. ‘टेम्परामेंटल’ तर अधूनमधून बंद पडणाऱ्या यंत्रालाही लावतात. ‘मूडी’ची गंमत वेगळी. मराठीत मूडी माणूस म्हणजे लहर लागेल तसे वागणारा. इंग्रजीत मात्र तो बहुधा तोंड पाडून बसलेला असतो. त्यामुळे ‘मर्क्युरियल’चे मराठीत ‘मूडी’ चालून जाईल, पण त्या ‘मूडी’चे परत इंग्रजी करताना तोच शब्द ठेवला तर अर्थ बिघडेल.

भाषांतर करताना आधी पुढचे नाम पाहावे. ‘टॅलेंट’, ‘विट’, ‘जीनियस’ यांपैकी काही असेल तर शब्द बव्हंशी कौतुकाचा आहे. ‘मर्क्युरियल बॅट्समन’ म्हणजे ‘तापट फलंदाज’ नव्हे. ‘रंगात आला तर सामना फिरवील, नाहीतर पहिल्याच चेंडूवर विकेट फेकील, नेम नाही’ असा फलंदाज. मथळ्यात एवढे मावणार नाही, तिथे ‘बेभरवशाचा पण प्रतिभावान’ करावे. पुढे ‘बॉस’ किंवा ‘लीडर’ असेल तर सूर बहुतेक तक्रारीचा असतो. तिथे ‘लहरी’ बिनदिक्कत वापरावा.

टोप्या बनवणारे कारागीर पाऱ्याच्या क्षारांनी चिडखोर, भित्रे होत, त्यावरून हा शब्द निघाला, अशीही एक कथा फिरते. विषबाधा खरी, व्युत्पत्ती खोटी. इंग्रजीत वेड्या टोपीवाल्याची म्हण एकोणिसाव्या शतकातली; शब्दाचा हा अर्थ तिच्याहून दीडेकशे वर्षांनी तरी जुना.

आणि नाम औषधाचे किंवा उपकरणाचे असेल, तर स्वभावाचा प्रश्नच येत नाही. ‘मर्क्युरियल ऑइंटमेंट’ म्हणजे पारा घातलेले मलम. ते चंचल नसते.

आपला,
एक भाषांतरकार